तिसऱ्याच्या खात्यावर मांडलेले बंधुप्रेम

गेल्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळाच्या बैठकीत एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेवरून वाद झाला आणि तो इतका वाढला की शेवटची प्रार्थना घाईघाईने उरकावी लागली. मालिकेचे नाव ‘सुपरनॅचरल’. एका बाजूला मंडळाचे एक ज्येष्ठ सल्लागार होते. भुते, सैतान आणि रक्ताने काढलेली चिन्हे यांनी भरलेली ही मालिका ख्रिस्ती घरात दिसताच कामा नये, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला विशीतील मुले. त्यांच्यातला सर्वांत बोलका मला म्हणाला, “फादर, भुतांचे सोडा हो. दोन भावांचे एकमेकांवर असे प्रेम तुम्ही कुठे पाहिले आहे? आपल्या माणसासाठी प्राण देण्याविषयी योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू जे बोलला, ते या दोघांनी करून दाखवले आहे.” मग दोन्ही बाजू माझ्याकडे पाहू लागल्या.

मी मालिका पाहिली नव्हती. न पाहता मत देण्याची सवलत आम्हा धर्मगुरूंना पुष्कळदा मिळते व आम्ही ती पुष्कळदा घेतोही. त्या दिवशी मात्र मी गप्प राहिलो. पुढे पावसाळ्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीड महिना खाटेवर पडून राहावे लागले, तेव्हा त्याच मुलाने मला सारे भाग आणून दिले. 327 च्या 327 भाग पाहिले, असे मी म्हणणार नाही. पहिली पाच पर्वे क्रमाने पाहिली. पुढच्या दहांतले जे भाग त्या मुलांनी खुणा करून दिले होते तेवढे पाहिले. आता माझे मत सांगतो. ते दोन्ही बाजूंना आवडेल असे नाही.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. एरिक क्रिप्के या लेखकाने निर्माण केलेली ही मालिका 13 सप्टेंबर 2005 रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि पंधरा पर्वांनंतर 19 नोव्हेंबर 2020 रोजी संपली. कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावात विंचेस्टर नावाचे कुटुंब राहत असते. 2 नोव्हेंबर 1983 च्या रात्री एक अपदूत त्या घरात शिरतो, आई छताला खिळलेल्या अवस्थेत जळून मरते, आणि बाप चार वर्षांच्या डीनच्या हाती सहा महिन्यांचा सॅम देऊन त्याला बाहेर पळायला सांगतो. पुढे बाप सुडाने पेटून भुताखेतांचा शिकारी होतो आणि मुलांनाही तेच शिकवतो. दोघे भाऊ मोठे होऊन एका काळ्या मोटारीतून गावोगाव फिरत माणसांना अपदूतांपासून सोडवतात. मालिकेचा आरंभ हा असा.

आधी सल्लागारांच्या आक्षेपाचा निकाल लावतो, कारण तो लवकर लागतो. पहिल्या पर्वात हे भाऊ चालत्या विमानात लॅटिन प्रार्थना म्हणून एका माणसाला अपदूताच्या तावडीतून सोडवतात. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या 1172 व्या कलमानुसार बिशपांच्या खास परवानगीवाचून धर्मगुरूलाही असा विधी करता येत नाही. तेव्हा वहीत उतरवून घेतलेल्या मंत्रासारखा तो म्हणणारे हे दोन तरुण आमच्या दृष्टीने नियमबाह्यच. पण माझी तक्रार ते लॅटिन म्हणतात ही नाही. माझी तक्रार त्यांनी ते पुढे जवळजवळ सोडून दिले ही आहे. तिसऱ्या पर्वात त्यांना एक सुरी सापडते. तिने अपदूत मरतो, पण ज्याच्या देहात तो शिरला आहे तो माणूसही बहुधा मरतो. प्रार्थनेला वेळ लागतो, सुरीला लागत नाही. अपदूत काढण्याचा विधी आहेच मुळी त्या बाधा झालेल्या माणसासाठी! पहिल्या पर्वात त्याच्यासाठी जिवाचा आटापिटा करणारे हे भाऊ पुढे त्याला भोसकून पुढच्या गावाला निघतात, आणि तो कोण होता, त्याच्या घरी कोण वाट पाहत होते, हे विचारायला कथेलाही सवड राहत नाही. सल्लागारांनी या जागी बोट ठेवायला हवे होते. त्यांनी पाच टोकांच्या ताऱ्यावर ठेवले.

आता मुलांच्या बाजूकडे वळतो. माझा खरा वाद त्यांच्याशी आहे, आणि त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो, कारण त्यांनी जे पाहिले ते काही खोटे नाही. भावंडांचे नाते या मालिकेने आरंभी अतिशय सचोटीने रंगवले आहे. चार वर्षांच्या पोराच्या हाती तान्हे मूल दिले की त्याचे बालपण त्याच क्षणी संपते. पहिल्या पर्वात एक प्रसंग आहे. बाप शिकारीला गेलेला, कोवळ्या वयाचा डीन कंटाळून घटकाभर खेळायला बाहेर जातो आणि तेवढ्यात झोपलेल्या सॅमवर संकट येते. बाप वेळेवर परततो, सॅम वाचतो, पण त्यानंतर बापाने टाकलेली नजर डीन जन्मभर विसरत नाही. आपल्या घरांत अशी थोरली मुले मी पाहिली आहेत. आई आजारी, बाप कामावर किंवा दारूत, आणि अकरा वर्षांची मुलगी धाकट्यांना न्हाऊ घालून शाळेत धाडते. तिचे कौतुक सगळे करतात. तिला कोणी विचारत नाही. तिसऱ्या पर्वातला नाताळचा भागही असाच. वडिलांसाठी जपून ठेवलेला ताईत धाकटा सॅम त्या रात्री न परतलेल्या वडिलांऐवजी भावाच्या हातात देतो. मी तो भाग दोनदा पाहिला, हे कबूल करतो.

पण प्रेमाची सचोटी आणि कथानकाची सचोटी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, आणि घोटाळा नेमका तिथे आहे.

अद्भुत कथेत काहीही घडू शकते असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. अशक्य पण पटणारी घटना शक्य पण न पटणाऱ्या घटनेपेक्षा बरी, असे ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरील ग्रंथात म्हटले ते याच अर्थाने. भूत मिठाची रेषा ओलांडत नाही, असे एकदा सांगितले की ते शेवटच्या भागापर्यंत ओलांडता कामा नये. अद्भुताच्या राज्यात निसर्गाचे नियम सैल असतात म्हणूनच कथेचे नियम घट्ट लागतात. आणि सर्व नियमांत पहिला नियम मृत्यूचा. मेलेला माणूस परत आणायचा असेल, तर त्याची किंमत असली पाहिजे आणि ती कोणीतरी खरोखर चुकवली पाहिजे.

पहिली पाच पर्वे हा नियम पाळतात. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, 2007 मध्ये, सॅम मारला जातो. डीन चौरस्त्यावर जाऊन अपदूताशी सौदा करतो: सॅमला जीव, आणि एका वर्षानंतर डीनचा आत्मा नरकात. आत्म्याची विक्री धर्मशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, पण कथेच्या कसोटीला उतरते. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी डीन खरोखर नरकात ओढला जातो. चौथ्या पर्वात कॅस्टिएल नावाचा देवदूत त्याला बाहेर काढतो तेव्हा पृथ्वीवर चार महिने आणि नरकात चाळीस वर्षे उलटलेली असतात. त्यांतली शेवटची दहा वर्षे डीनने स्वतःचा छळ थांबावा म्हणून इतर आत्म्यांचा छळ करण्यात घालवलेली असतात, आणि त्याच्या त्या कृत्याने जगाच्या अंताची पहिली मोहोर फुटते. शेवटची मोहोर सॅमच्या हातून फुटते. म्हणजे भावाच्या प्रेमापोटी केलेल्या एका सौद्याने सारे जग संकटात आले. लेखक ही गोष्ट लपवत नाही. पाचव्या पर्वाच्या शेवटच्या भागात, 13 मे 2010 रोजी, सॅम लुसिफरला स्वतःच्या देहात घेऊन पाताळातील पिंजऱ्यात उडी मारतो. ज्यांनी कर्ज केले त्यांच्यापैकीच एकाने ते फेडले. क्रिप्केने कथा मुळात पाच पर्वांचीच योजली होती आणि त्यानंतर त्याने सूत्रे सोडली. मालिका तिथे थांबली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

पण लोकप्रिय मालिका थांबत नसते. सॅमला परत आणले गेले. मग पुन्हा कोणी मेला, पुन्हा परत आला. इथे कथानकाच्या हिशेबात एक विचित्र गोष्ट घडते, आणि ती माझ्या मुलांच्या ध्यानात आली नाही असे मला वाटते. दोघे भाऊ कायमचे मरू शकत नाहीत, कारण ते नायक आहेत. पण किंमत तर कोणीतरी मोजलीच पाहिजे, नाहीतर कथेत ताण उरत नाही. मग ती कोण मोजणार? जो नायक नाही तो.

सहाव्या पर्वातला एक भाग पाहा. साक्षात मृत्यू डीनला आपली अंगठी देतो आणि एक दिवस आपले काम करायला सांगतो. एका बारा वर्षांच्या हृदयरोगी मुलीची घटका भरलेली असते. डीनला दया येते, तो तिला सोडतो. मुलीची शस्त्रक्रिया रद्द होते, म्हणून एक परिचारिका लवकर घरी निघते आणि वाटेत अपघातात मरते. तिचा नवरा दुःखाने दारू पिऊन गाडी हाकू लागतो. अखेर डीनला परत जाऊन त्या मुलीला न्यावे लागते. एकाचा मृत्यू टाळला की तो दुसऱ्याच्या दारात जातो, हे इतक्या थोडक्या वेळात इतके स्पष्ट दाखवणारी कथा मी क्वचितच पाहिली. म्हणजे मालिकेला नियम ठाऊक आहे! आणि तो नियम त्या मुलीला लागू आहे. परिचारिकेला लागू आहे. भाग संपताना सॅमचा आत्मा मात्र परत मिळतो.

यानंतर येतो 2013 सालचा मे महिना. आठव्या पर्वात सॅम तीन कसोट्या हाती घेतो. त्या पुऱ्या झाल्या की नरकाचे दरवाजे कायमचे बंद होणार आणि पृथ्वीवर एकही अपदूत राहणार नाही. तिसरी कसोटी एका ओसाड चर्चमध्ये चालते आणि तिच्यासाठी सॅमला आधी पापनिवेदन करावे लागते. कसोटी पूर्ण होत आली असताना कळते की ती पुरी करणारा मरणार. सॅम मरायला तयार आहे. डीन धावत येतो आणि त्याला थांबवतो. सॅम भावाला सांगतो की पापनिवेदनात आपण सर्वांत मोठे पाप कोणते सांगितले, तर भावाला वेळोवेळी निराश केले हे. दोघे एकमेकांना धरून रडतात. दरवाजे उघडेच राहतात.

तीस वर्षे मी पापनिवेदनाच्या कठड्यामागे बसतो आहे. कोणी काय सांगितले हे मी कधीच सांगणार नाही, पण काय सांगितले जात नाही ते सांगू शकतो. ज्यांच्याशी आपले नाते नाही अशा माणसांचे केलेले नुकसान बहुधा सांगितले जात नाही. सॅमच्या हातून शेवटची मोहोर फुटली होती, जग अंताच्या दारापर्यंत गेले होते. आणि त्याला आठवले ते भावाचे निराश झालेले तोंड. प्रेक्षक या प्रसंगाला रडतात. मी त्यांना एवढेच विचारतो की त्या संध्याकाळनंतर उघड्या दरवाजातून आलेल्या अपदूतांनी ज्यांना धरले, ते कोणाचे भाऊ होते?

पुढच्या पर्वाचा आरंभ याहून वाईट आहे. सॅम मरणाच्या दारात आहे आणि तो मृत्यूकडे एक वचन मागतो: या वेळी कोणी मला परत आणू नये, आणि माझ्यामुळे दुसऱ्या कोणाला इजा होऊ नये. पंधरा पर्वांत याहून शहाणी मागणी मला आढळली नाही. डीन काय करतो? एका देवदूताला फसवणुकीने सॅमच्या देहात शिरू देतो. सॅमची संमती डीनचेच रूप दाखवून मिळवली जाते. तो देवदूत भलताच निघतो आणि सॅमच्या हातांनी केव्हिन ट्रॅन या कोवळ्या मुलाला ठार मारतो. केव्हिन हा हुशार विद्यार्थी होता. आईचा एकुलता एक. या भावांच्या नादी लागेपर्यंत त्याला चांगल्या महाविद्यालयात जायचे होते. आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात, ते हेच. त्या पर्वात पुढे सॅम डीनला सरळ सांगतो की तुझ्या जागी मी असतो तर असे केले नसते. आमच्या मंडळातल्या मुलांना हे वाक्य सॅमचा कृतघ्नपणा वाटतो! मला तो संबंध मालिकेतला प्रौढ माणसाचा उद्गार वाटला.

आणि आता तिसऱ्या भावाविषयी. होय, विंचेस्टर भाऊ तीन आहेत. सावत्र धाकटा ॲडम 2009 मध्ये कथेत आला. 2010 मध्ये सॅम पिंजऱ्यात पडला तेव्हा हाही त्याच्याबरोबर पडला. मघाशी सांगितलेल्या त्या अंगठीच्या भागात मृत्यू डीनला विचारतो, दोन भावांपैकी कोणाला सोडवू? डीन सॅमचे नाव घेतो. हे मी समजू शकतो. पण त्यानंतर नऊ वर्षे, 2019 च्या डिसेंबरपर्यंत, ॲडम त्याच पिंजऱ्यात राहतो. नरकातील चार महिन्यांची चाळीस वर्षे हा मालिकेचाच हिशेब लावला, तर त्याच्या वाट्याला हजाराहून अधिक वर्षे आली. या काळात सॅमसाठी स्वर्ग-पाताळ एक करणाऱ्या डीनने ॲडमसाठी एकदाही हात हलवला नाही. पुढे ॲडम भेटतो तेव्हा डीन दोन वाक्यांत क्षमा मागतो आणि कथा पुढे सरकते. बंधुप्रेमाची महती गाणाऱ्या मालिकेत एक भाऊ विसरला गेला आणि लेखकांना ते फारसे खटकले नाही, कारण ‘भाऊ’ या शब्दाचा अर्थ तोवर ‘ते दोघे’ एवढाच उरला होता.

हे परदेशी भुताखेतांचे जग म्हणून सोडून देणाऱ्यांना मी आपल्या अंगणात बोलावतो. 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा ख्रिस्ती मुलीला वडिलांच्या मालमत्तेत मुलाइतकाच वाटा देतो. तरी किती घरांत भावाभावांचे सख्य बहिणीच्या हक्कसोडपत्रावर उभे असते, हे मी घरोघर आशीर्वाद देत फिरताना पाहिले आहे. ‘आम्ही दोघे कधी भांडलो नाही, फादर,’ असे दोघे भाऊ अभिमानाने सांगतात. बहीण आत चहा करीत असते.

मुले म्हणतील, आणि त्यांनी मला म्हटलेही, की मालिका स्वतःच या भावांवर टीका करते. करते खरी. शत्रू त्यांना टोमणे मारतात, मित्र समजावतात. पण टीका संवादात असून भागत नाही. कथानक शेवटी कोणाला बक्षीस देते ते पाहावे लागते. नवव्या पर्वात काइन आणि हाबेल यांची कथाच बदलून टाकली आहे: काइनने मत्सराने भावाला मारले नाही, तर लुसिफरच्या तावडीतून हाबेलचा आत्मा वाचवावा म्हणून स्वतःचा आत्मा देऊन मारले, असे मालिका सांगते. उत्पत्तीच्या पुस्तकात काइन देवाला भावाच्या राखणदारीविषयी उद्धट प्रश्न करतो, तो खून लपवण्यासाठी. इथे खूनच राखणदारी ठरला. दहाव्या पर्वाच्या शेवटच्या भागाचे नावच त्या राखणदारीवरून ठेवले आहे. त्यात डीनपुढे पर्याय असतो: सॅमला मारून स्वतः जगापासून दूर जावे, म्हणजे त्याच्यापासून कोणाला धोका उरणार नाही. तो सॅमऐवजी मृत्यूलाच मारतो. भावाचा खून करावा असे मी अर्थातच म्हणणार नाही. पण कथानकाच्या दृष्टीने पाहा: मृत्यूच मारून टाकल्यावर आता कोणता नियम शिल्लक राहिला?

अखेर लेखकांनाही हिशेब जुळत नाही हे कळले असावे. म्हणून चौदाव्या-पंधराव्या पर्वांत त्यांनी सर्वांत सोपी पळवाट काढली. चक नावाचा एक लेखक, जो मुळात देवच आहे, या भावांच्या आयुष्याचे कथानक लिहीत होता आणि त्यांचे हाल पाहून करमणूक करून घेत होता, असे ठरले. देवाला खलनायक केले याचा मला राग आला असे वाचकांना वाटेल. राग आला, पण तो देवनिंदेपेक्षा आळसाचा. पंधरा वर्षांतल्या साऱ्या मृत्यूंचे खापर एका फटक्यात वर ढकलले गेले आणि भावांच्या वहीची पाने कोरी झाली. देवाच्या नावावर आपले कर्ज लिहिणे ही युक्ती या लेखकांनी शोधलेली नाही. एदेन बागेत आदामाने ती पहिल्यांदा वापरली.

रक्ताच्या माणसावर अधिक प्रेम करणे चूक, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजी’त प्रीतीच्या क्रमाचा विचार करताना जवळच्यांवरचे अधिक प्रेम योग्यच मानले आहे. प्रश्न प्रेमाच्या मापाचा नसून ते कोणाच्या खिशातून जाते याचा आहे. मुलांना बंधुप्रेमाची कथा हवी असेल तर त्यांनी उत्पत्तीचा 44 वा अध्याय काढावा. ज्या यहूदाने योसेफाला वीस रुप्यांना विकण्याची कल्पना भावांच्या गळी उतरवली, तोच वर्षांनंतर मिसरच्या अधिकाऱ्यापुढे उभा राहून म्हणतो की बन्यामीनला घरी जाऊ द्या आणि त्याच्या जागी मला गुलाम करा. आपण कोणाशी बोलतो आहोत हे त्याला ठाऊक नाही. तो सौद्यात फक्त स्वतःला ठेवतो, कोणा तिसऱ्याला नाही. योसेफाला रडू आवरत नाही ते हे ऐकून.

मालिकेच्या शेवटच्या भागाविषयी मात्र मी तिची बाजू घेणार आहे, कारण तिथे तिच्या चाहत्यांनीच तिला सोडले. डीन एका गोठ्यात रक्तपिशाचांशी झुंजताना लोखंडी सळई पाठीत घुसून मरतो. ना सैतान, ना जगाचा अंत, गंजलेली सळई. आणि मरताना तो सॅमला सांगतो की मला परत आणू नकोस. सॅम आणत नाही. तो भावाला अग्नी देतो, संसार करतो, मुलाला भावाचे नाव देतो, म्हातारा होऊन मरतो. ‘एवढ्याशा सळईने डीन मेला?’ म्हणून आमची मुले आजही चिडतात. मरणाला एवढीशी सळई पुरते, हे त्या मालिकेने पंधरा वर्षांत पाचव्या पर्वानंतर प्रथमच कबूल केले. केव्हिनलाही थोडेच लागले होते.

मी खाटेवरून उठल्यावर मंडळात पुन्हा चर्चा झाली. शेवटचे दृश्य आम्ही एकत्र पाहिले: स्वर्गातील एका पुलावर सॅम आणि डीन भेटतात, मिठी मारतात, कठड्यापाशी उभे राहतात. खोलीत दोघातिघांचे डोळे ओले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने, जिला दोन थोरले भाऊ आहेत आणि जी सहसा बोलत नाही, विचारले, “फादर, आणि ॲडम?” तो बोलका मुलगा वळून तिच्याकडे पाहू लागला. पुलावर दोघेच होते.